लेह ते थॉइस: रिकाम्या सीटची हकिगत

लेहच्या विमानतळावर मी दोन वर्षं मूव्हमेंट क्लार्क होतो. रँक नायक. नुब्रा खोऱ्यातल्या थॉइसच्या तळावर जाणाऱ्या जवानांचं सामान तोलायचं, वजन लिहायचं आणि लोडशीट, म्हणजे विमानातल्या माणसांची नि सामानाची यादी, साहेबांच्या सहीला न्यायची, हे काम. लेह ते थॉइस मालवाहू विमानाने अर्धा तासही लागत नसे. ट्रकने, खर्दुंग ला ही उंच खिंड ओलांडून, अख्खा दिवस जाई.

नायक दत्ताराम रोह्याजवळच्या अष्टमीचा, मी पेणचा. भरती एकाच दिवशी झालो. पण नायक तो आधी झाला. व्हॉलीबॉलला तोच कॅप्टन. मी रजेवर घरी गेलो की माझी आईसुद्धा आधी विचारी, "अष्टमीचा दत्ता बरा हाय ना?" मी हसून "व्हय" म्हणे. आत जळत असे.

त्या मार्चमध्ये तो रजा संपवून परतला. त्या संध्याकाळपर्यंत थॉइसला हजर झाला, तरच त्याला हवालदारपदाच्या कॅडरला, म्हणजे बढतीच्या कोर्सला, बसता येणार होतं. सकाळी सहाला तो काट्यापाशी आला.

"काय पेणकर, जरा सांभाळून घे. बायकोनं वालाची पिशवी कोंबलीय."

मर्यादा पंचवीस किलो. काटा चोवीसवर थांबला. मी चौतीस लिहिले.

"ओव्हरवेट. उद्याच्या फ्लाइटला बस."

"मस्करी करतोस व्हय? वाल इथंच ठेवतो मग."

"नाय जमणार. लोडशीटवर सही झालीय."

सही झाली नव्हती.

त्याने पिशवी खांद्यावर टाकली. "ट्रकांचा कॉन्व्हॉय कधी सुटतोय?"

"साडेसातला."

"मग त्यानंच जातो. तू बस काटा धरून."

विमानातल्या सार्जंटने विचारलं, "एक सीट खाली क्यों?"

"आदमी नहीं आया, सर."

सहा पन्नासला विमान उडालं. ट्रक रात्रीपर्यंत रखडावा नि त्याची कॅडर हुकावी, एवढंच मला हवं होतं. दुपारी एकला वायरलेसवर आवाज आला, "नॉर्थ पुल्लू के पास एवलांच. दो गाड़ी दबी है. ओव्हर." खिंडीपलीकडच्या रस्त्यावर हिमकडा कोसळला होता. चारला तीन नावं आली. दुसरं त्याचं होतं.

चौकशी झाली ती रस्त्याची. लोडशीट कोणी मागितली नाही. पुढच्या वर्षी मी हवालदार झालो. युनिटच्या स्मारकावर दत्तारामचं नाव कोरलं, साहेबांनी सॅल्यूट केला. खरं लिहितो, तेव्हाही मला त्याचा हेवा वाटला.

रजेवर आल्यावर मी अष्टमीला गेलो. त्याच्या बायकोने, सुलभावहिनींनी, विचारलं, "विमान का नाय मिळालं त्यांना?"

"सामान जास्त झालं."

त्यांचा चेहरा उतरला. त्या घरात पुन्हा वाल शिजले नाहीत, हे मला नंतर कळलं. तरी मी गप्प राहिलो. दर दिवाळीला पेणहून पोह्याचे पापड नेत राहिलो.

गेल्या महिन्यात जाऊन सगळं सांगितलं. वहिनींनी माझ्यापुढचा चहाचा कप उचलून घेतला. मग म्हणाल्या, "इतकी वर्सं मी सोताला खात व्हते. आणि तुमी माझ्याच हातचा चहा पीत बसायचात."

मी उठलो.

"थांबा. हे लिवून द्या. आमच्या पोरीला वाचू दे. आणि पापड घेऊन येऊ नका आता."

म्हणून लिहितो. नायक दत्ताराम, राहणार अष्टमी, तालुका रोहा. सामान चोवीस किलो. विमानात त्याची जागा होती.