सभ्य पेपरातलं एक वाक्य

अमेरिकेतल्या कॅरीमधलं घर आवरताना बशीभोवती गुंडाळलेला जुना ब्रिटिश पेपर निघाला. त्या कुबट वासाने ऐंशीच्या दशकातला, मिशिगनमधल्या ॲन आर्बरचा हिवाळा आठवला.

भारतात शिकून लंडनला डॉक्टरकी करणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीवर, सुधावर, पेशंटच्या मृत्यूचा ठपका आला होता. चौकशी व्हायची होती. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत आठवडाभर उशिराने येणारे ब्रिटिश पेपर मी उघडले. छोट्या आकाराच्या भडक पेपरात पहिल्याच पानावर तिचा फोटो होता आणि वर ठळक अक्षरांत 'किलर डॉक्टर'. मोठ्या पानांच्या प्रतिष्ठित पेपरात, आतल्या पानावर, रेखीव इंग्रजीत लिहिलं होतं: परदेशात शिकलेल्या डॉक्टरांच्या पात्रतेविषयी प्रश्न उपस्थित होत आहेत.

"हा पेपर तरी डीसेंट आहे गं," नवरा म्हणाला. मला हायसं वाटलं. फोनवर मी सुधाला तेच सांगितलं.

"ताई, तो फडतूस पेपर इथे कुणी मनावर घेत नाही," ती म्हणाली. "मला सस्पेंड करताना हॉस्पिटलच्या कमिटीने तुझा डीसेंट पेपर वाचून दाखवला."

आज संताप येतो तो त्या सुबक वाक्याचा, आणि ते वाचून निश्चिंत झालेल्या माझा.

पुढे सुधा निर्दोष ठरली. मी दोन्ही पेपर महिनाभर चाळले. त्याबद्दल एक ओळ नव्हती.