बैल सोडले ती वेळ

बाबांची बैलबंडी बाजारात पोचायची तेव्हा भाजीचा हर्रास आटोपलेला असायचा. लिलावाची वेळ टळली की आमच्या मेथीकडे नि सांभाराकडे, म्हणजे कोथिंबिरीकडे, कोणी बघत नसे. कोमेजलेला माल परत यायचा आणि घरात दोन्ही वेळा तोच शिजायचा. बाबा पहाटेच निघत, अंतरही फार नव्हतं. वेळ जायचा तो शहराच्या वेशीवरच्या जकात नाक्यावर. खिडकी एकच, त्यात ट्रक आधी.

मी तेव्हा बीएला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मी सांगितल्यावर आमच्या सरांनी नाक्याच्या अधिकाऱ्यांकडे तक्रार केली. अधिकारी म्हणाले, बंडीवाले दहा मिनिटांच्या वर थांबत नाहीत. थांबतात असं लेखी दाखवा, वेगळी खिडकी काढतो.

वर्गातले आम्ही सहा जण स्वयंसेवक झालो. सरांचं घड्याळ घेऊन रोज सकाळी खिडकीशेजारी बसायचो. बंडी आली की वेळ लिहायची, पावती मिळाली की वेळ लिहायची. तीन दिवसांनी वही चाळली तर आठ मिनिटं, नऊ मिनिटं. अधिकारीच खरे ठरत होते.

घरी सांगितलं तर बाबा पोट धरून हसले.

"खिडकीपाशी कोण थांबते वं? मागं बैल सोडून दोन-दोन घंटे बसून राहतो आम्ही, ते दिसलं नाही तुले? बीए करून राहिली ना तू?"

बाकीचे पाच शहरातले, त्यांना काय कळणार. मी मात्र बंडीत बसून वाढलेली. रांग लांब असली की गाडीवान बैल मोकळे करतो आणि नंबर जवळ आला की जुंपतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

चौथ्या दिवशी आम्ही रांगेच्या शेपटाशी जाऊन बसलो. बैल सोडले ती वेळ लिहायची; पावतीची वेळ खिडकीपाशी राहिलेले दोघं लिहायचे. एका गाडीवानाने विचारलं, "बैलायची हजेरी घेऊन राहिल्या काय, मॅडम?" सगळे हसले. पण दुसऱ्या दिवसापासून तेच लांबून सांगू लागले, सोडले बरं का, लिहा.

त्यानंतरच्या आठवड्याची वही मी स्वतः अधिकाऱ्यांपुढे वाचली. एकही बंडी दीड तासाच्या आत सुटलेली नव्हती. त्यांना पटेना. मग ते एका सकाळी स्वतःचं घड्याळ घेऊन आमच्याशेजारी येऊन बसले आणि ऊन चढेपर्यंत उठले नाहीत. जाताना त्यांनी विचारलं, ही पद्धत कोणाची? मी म्हटलं, माझ्या बाबांची.

त्याच महिन्यात भाजीच्या बंड्यांसाठी वेगळी खिडकी उघडली, आणि बाबा हर्रास सुरू होण्याआधी बाजारात पोचू लागले.