कोरा समास

प्रयोगशाळेतलं कपाट आवरताना माझी जुनी प्रयोगवही हाती लागली. समासात जागोजागी पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘असं का?’, ‘हे पटत नाही.’

पुढं त्याच संशोधनातून आम्ही पाण्याच्या गाळणीची कंपनी काढली. पेटंटचे वकील म्हणाले, “सर, वहीत शंका लिहू नका. उद्या कोर्टात समोरचे त्याच पुढं करतील.” तेव्हापासून माझे समास कोरे आहेत. गावोगावी लोक स्वच्छ पाणी पितात, त्याचं समाधान काही खोटं नाही.

शेजारी उभी असलेली माझी विद्यार्थिनी वही चाळत म्हणाली, “सर, मग आम्ही शंका कुठं लिहायच्या?”

“लक्षात ठेवायच्या,” मी म्हणालो.

मीही तेच ठरवलं होतं. वही मिटताना त्यानंतरच्या शंका आठवून पाहिल्या. एकही आठवेना.