कापसाच्या खोलीतलं मशीन

बीबी गावातल्या आमच्या घरात दिवाळीनंतर समोरच्या खोलीत माणसं नव्हे, कापूस राहायचा. भाव वाढेपर्यंत विकायचा नाही, हा बाबांचा हट्ट. लहानपणी मी त्या गंजीवर उड्या मारायचे आणि मग अंग खाजवत आईची बोलणी खायचे. ती खाजसुद्धा आता आठवली की बरी वाटते. पुण्याच्या माझ्या स्वच्छ फ्लॅटमध्ये अंगाला काही म्हणजे काही चिकटत नाही.

कापसाचं बीटी बियाणं लावलं की बोंडअळीची काळजी नाही, असं ऐकून सारं गाव निर्धास्त होतं. मग एका साली बोंडं उकलली ती किडकीच. त्या साली गावात जो येई तो प्रश्न घेऊन येई. कोणी फोटो काढी, कोणी ‘कसं वाटतंय’ म्हणून विचारी. बाबा सगळ्यांना म्हणत, “बरं हाय.” रोज पुण्याहून फोन करणाऱ्या मलाही तेच. मी घाबरलेली असायचे, आणि फोन ठेवला की चिडलेली.

पुढच्या दिवाळीला मी बरीच रजा काढून घरी गेले. ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम, म्हणजे एक्स्टेन्शन, बनवणं हे माझं पोटापाण्याचं काम. माझा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर कापसाच्याच खोलीत, कोपऱ्यात होता. बाबा सकाळी त्यावर बाजारभाव बघत, डोळे बारीक करून. मी त्यांच्यासाठी एक एक्स्टेन्शन बनवलं. कापसाच्या भावाची ओळ मोठ्या अक्षरात दिसे आणि खाली एक रिकामा चौकोन. म्हटलं, “बाबा, मनात येईल ते लिहा इथं.”

त्यांनी त्या चौकोनावर बोट ठेवलं. “हे कोणाले दिसते वं?”

“कोणालाच नाही. याच मशीनवर राहील.”

“तुले?”

“मलाही नाही.”

खरं तर ते माझ्या हातात होतं. लिहिलेलं एक तर त्याच मशीनवर साठवता येतं, नाही तर खात्याबरोबर दुसऱ्या मशीनवरही पाठवता येतं. कोडमध्ये एक शब्द बदलला असता तर बाबांचं मन रोज माझ्या लॅपटॉपवर येऊन पडलं असतं. फार मोह झाला. पण त्या प्रश्न विचारणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नव्हतं. मी तो शब्द तसाच ठेवला.

मी पुण्याला परतले. आई फोनवर खुसखुसायची, “तुहे बाबा एका बोटानं टुकटुक करत राह्यतात. जेवाले बोलावलं तं उठत नाही.” ते ऐकून मला कोण आनंद व्हायचा! ते काय लिहितात, हे मी कधी विचारलं नाही.

होळीच्या सुमारास मशीन बंद पडलं. बाबा ते मांडीवर घेऊन एसटीनं लोणारला गेले. दुरुस्तीवाल्यानं डबा उघडला तर आत पंखा दिसेचना, नुसता कापूस. “काका, यात तं उशी भरते,” तो म्हणाला. एवढी सरळ गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आली नव्हती; कापूस असलेल्या घरात कापूस कोणाला दिसतो? पंखा साफ झाला, पण मशीन सुरू होईना. सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल, असं तो म्हणाला. लिहिलेलं राहील का, बाबांनी विचारलं. नाही राहणार. बाबांनी डबा उचलला आणि परत आणला.

मग त्यांचा फोन आला. “तू ये.” जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला बोलावलं होतं. मी मिळेल त्या गाडीनं निघाले.

हार्ड डिस्क काढून मी लॅपटॉपला जोडली. ब्राउझरच्या फायली शाबूत होत्या. माझा जीव भांड्यात पडला. “पण बाबा, हे उघडायचं तर माझ्याच मशीनवर उघडावं लागेल.”

“उघड.”

उघडलं. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि उठले.

“काऊन उठून राह्यली? बस. माहा चष्मा सापडत नाही. तूच वाच.”

“चष्मा तं खिशात हाय,” आई म्हणाली.

बाबांनी खिशाला हातसुद्धा लावला नाही. मी खाली बसले. सगळ्यात वरची ओळ मी गेले त्या दिवशीची होती: ‘पोरगी गेली. खोली छतापर्यंत भरून हाय, तरी घर रिकामं दिसते. सांगावं कोणाले.’

मी मनातल्या मनात वाचत होते. बाबा म्हणाले, “मोठ्यानं वाच. तुह्या मायलेबी ऐकू दे.”