चाकाखालचं लिंबू
चिरडलेल्या लिंबाचा वास आला की आजही मला तो दसरा आठवतो. हिंजवडीला कंपन्यांच्या बसेस नुकत्याच सुरू झाल्या होत्या. त्या बंद पडल्या की ओढून न्यायला म्हणून वडिलांनी लष्कराच्या लिलावातून क्रेनचा जुना ट्रक घेतला आणि वारज्याच्या उतारावरच्या शेडमध्ये दुरुस्त करायला काढला. दसऱ्याच्या सकाळी इंजिन एकदाचं चालू झालं. क्रेनची तार मागच्या बाभळीला अडकवून तीही ओढून पाहिली आणि सैल करून तशीच ठेवली. ब्रेक तेवढे राहिले होते, म्हणून पुढच्या चाकांना दगड लावलेले. इंजिन बंद करून पूजा मांडली. आई आरतीचं ताट घेऊन ट्रकसमोर उभी राहिली, तर वडील दगड काढून लिंबं ठेवायला लागले. "अहो, दगड राहू द्या ना," आई म्हणाली. "लिंबू चाकाखाली ठेवतात, दगडाखाली नाही," वडील म्हणाले आणि त्यांनी दुसरा दगडही काढला. पच्‌कन आवाज झाला. ट्रक आईच्या दिशेने निघाला होता, अजिबात आवाज न करता. मागे तार ताणली गेली, बाभळ कडाडली आणि ट्रक थांबला तो आईच्या ताटाला टेकूनच. निरांजन विझलं होतं. वडील वाकलेले तसेच राहिले. आई एवढंच म्हणाली, "आता लावा दगड." हल्ली शोरूममध्ये नव्या गाडीची पूजा चालली की सगळे गाडीकडे बघतात, मी तिच्यासमोर कोण उभं आहे ते बघतो.