घरच्या पायऱ्या राहून गेल्या

भाऊजींचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. उठले की आधी दार उघडून बाहेरच्या जिन्यावर यायचे आणि कठड्याला हाताची मागची बाजू लावायचे. कठडा ओलसर लागला तर चहा सावकाश. कोरडा लागला तर चहा उभ्याउभ्या, आणि डबा भरून झाला नसेल तर डब्याशिवाय निघायचे.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही एकाच टोळीत होतो. उघड्यावरच्या काँक्रीटला सील करायचं आमचं काम. गच्च्या, गोदामांची आवारं, पुलावरचे फुटपाथ, जिने. ठेकेदार काम आणायचा, आम्ही करायचो.

काँक्रीट दगडासारखं दिसतं, पण ते पाणी पितं. आमच्याकडे, या उंच डोंगराळ भागात, पाऊस लांबतो आणि हिवाळ्यात साचलेलं पाणी गोठतं. काँक्रीटच्या आत शिरलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि वरचा थर पापुद्र्यासारखा उडवून टाकतं. मग आतली सळई उघडी पडते, गंजते, आणि गंजून तीही फुगते. हे होऊ नये म्हणून सीलर, पाणी आत शिरू न देणारा लेप, मारायचा. दोन हात, दोन्ही पातळ, दुसरा पहिल्याला आडवा. जाड मारला की सोलून निघतो. ओल्यावर मारला तर ओल आत कोंडते आणि वर पांढरे चट्टे उठतात. म्हणून या धंद्यात कोरड्या दिवसाइतकं मोलाचं काही नाही, आणि आमच्याकडे असे दिवस फार थोडे.

जमीन कोरडी आहे की नाही हे भाऊजी डोळ्यांनी ठरवत नसत. आदल्या संध्याकाळी प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून जमिनीवर बसवायचे. सकाळी तो उचलायचा. खालून थेंब दिसले तर काम बंद. ठेकेदार नाचला तरी बंद. टोळीत त्यांना ‘कोरडेसाहेब’ म्हणायचे.

"कोरडेसाहेब, आकाश बघा, काचेसारखं झालंय," ठेकेदार म्हणायचा.

"आकाशाला नाही मारायचाय सीलर," भाऊजी म्हणायचे आणि बादली उलटी करून तिच्यावर बसायचे.

मी पुष्कळांबरोबर काम केलं. रोलर हातात आला की माणूस घाई करतो, कारण तेवढंच काम दिसतं. खरं काम त्याच्या आधीचं. तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडायचं, तेलाचे डाग घासायचे, भेगा उकरून भरायच्या, सगळं धुऊन वाट बघायची. भाऊजी गुडघ्यावर बसून कोपरे घासायचे, जिथे कुणी बघणार नाही तिथले सुद्धा. दिवस संपला की त्यांना सरळ उभं राहायला भिंत लागायची. जिना असेल तर दुसरा हात ओला असतानाच त्यावर बारीक वाळू भुरभुरवायचे, म्हणजे पावसात पाय घसरत नाही. एका बाईंनी विचारलं होतं, "अहो, हे साखर सांडल्यासारखं काय दिसतंय?" भाऊजी म्हणाले, "सासूबाई उतरतील तेव्हा कळेल." त्या म्हणाल्या, "मग राहू दे तसंच." वाळू ठेवायची की काढायची, हे काही आम्हाला कळलं नाही. भाऊजींनी ठेवली.

आता त्यांच्या घराबद्दल. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, स्वतःच्या. वर जायला बाहेरून काँक्रीटचा जिना. जिन्याचं तोंड वाऱ्याच्या बाजूला. पाऊस थेट पायऱ्यांवर, आणि ऊन दुपारनंतर थोडंसं. ज्या जिन्याला सगळ्यात आधी सील करायला हवं, असा तो जिना. त्याला भाऊजींनी कधीच सील केलं नाही.

आळस म्हणावा तर तो त्यांच्यात नव्हता. कोरडा दिवस उगवला की तो गिऱ्हाइकाचा. त्या दिवशी ठेकेदाराची गाडी येणारच, आणि ते कामावर जाणारच. ओल्या दिवशी ते घरी, पण ओल्या दिवशी जिनाही ओला. सुट्टीचा दिवस कोरडा निघाला तर त्या दिवशीही काम निघायचं. ठेकेदार म्हणायचा तुम्हीच या, आणि भाऊजींना ते खरं वाटायचं.

ताई जवळच्या लाँड्रीत इस्त्रीला होती. दिवसातून दोनदा तरी तो जिना उतरायची आणि चढायची. पायरीच्या कडेची खपली पहिल्यांदा तिनेच दाखवली.

"अहो, रोज सकाळी कठड्याला हात लावून बघता, नाडी बघितल्यासारखा. औषध कधी देणार?"

"देऊ गं. जिना काय पळून चाललाय?"

"तो नाही पळत. आम्ही म्हातारे होतोय."

जिन्याखालच्या सांदीत सीलरचे डबे असत. काम संपल्यावर तळाला उरलेला, ठेकेदाराला विचारून आणलेला. घरच्या जिन्यासाठी. भाऊजी झाकणं घट्ट ठोकून, फडक्याने पुसून ठेवायचे. उघडलेला सीलर फार टिकत नाही. वर साय धरते, मग तो मधासारखा होतो, मग दगड. ताई अधूनमधून एखादा डबा हलवून बघायची आणि आवाज आला नाही की बाजूला काढायची. त्यातल्या एकात तिने रोप लावलं. मी गेलो की म्हणायची, "बघ रे, तुझ्या भाऊजींचा जिना. फुलं आलीत त्याला."

एकदा मात्र ते करणार होते. पाऊस सरून चांगली उघडीप मिळाली होती. भाऊजींनी सुट्टी सांगितली, जिना घासला, धुतला, भेगा भरल्या, त्या सुकू दिल्या. आदल्या संध्याकाळी मधल्या पायरीवर प्लास्टिक बसवलं. सकाळी मी मदतीला गेलो. प्लास्टिक उचललं तर खाली खडखडीत. ताई जिन्याच्या तळाशी बादली घेऊन उभी होती. त्या दिवशी तिने लाँड्रीत रजा टाकली होती, सुकेपर्यंत कुणी पाय ठेवू नये म्हणून पहारा द्यायला. भाऊजी डब्याचं झाकण उचकटत होते, तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला.

ठेकेदार गाडीतून उतरलाच नाही. "कोरडेसाहेब, पुलाचा फुटपाथ. उद्यापासून पाऊस सांगितलाय. आज झाला नाही तर हिवाळाभर उघडा राहील. लोकांची जा-ये आहे हो."

भाऊजींनी ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "इथेही जा-येच आहे."

"उद्याचं उद्या बघू. एवढं पुलाचं उरकतो."

"उद्या पाऊस आहे म्हणतात ना ते?"

भाऊजींनी झाकण परत ठोकलं. मीही गाडीत बसलो. फुटपाथ संध्याकाळपर्यंत झाला, आणि चांगला झाला. अजूनही त्याला कुठे खपली नाही. मी मुद्दाम जाऊन बघतो. दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि पुढे उघडीप अशी मिळालीच नाही.

त्याच हिवाळ्यात, थंडी सरता सरता, सकाळी कामाला निघालेल्या ताईच्या पायाखाली पायरीची कड निसटली. ती खालपर्यंत आली. खुब्याचं हाड मोडलं. खालच्या दुकानदाराने तिला उचललं आणि दवाखान्यात नेलं. आम्ही दुसऱ्या गावाला एका आवारात होतो, दुपारी पोचलो. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तिने भाऊजींना पहिलं काय विचारलं, तर "आज कोरडा होता ना हो दिवस? मग इथे कसे?"

टोमणा नव्हता तो. ती औषधाच्या गुंगीत होती. पण भाऊजी बाहेर येऊन बाकावर बसले ते संध्याकाळपर्यंत बसले. निसटलेल्या कडेचा तुकडा, वाटेत घरापाशी उचललेला, खिशातून काढून मला दाखवला. एका बाजूला सळईचा गंज लागलेला होता. "आतून कधीचीच गेली होती," म्हणाले. "दुसऱ्याच्या घरी असती तर मी लांबून ओळखली असती."

दवाखान्यातून ताईला तिच्या मुलीकडे नेलं. मुलीचं घर तळमजल्यावर. पाय बरा होईपर्यंत, असं ठरलं. भाऊजींनी काम सोडलं आणि जिना फोडायला घेतला. घण त्यांनी स्वतः मारला. मी राडारोडा उचलला. साचा बांधून नवा जिना ओतला, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा लावला. नवं काँक्रीट पक्कं व्हायला महिना जावा लागतो. त्याआधी सील करू नये. महिना गेला, तर पाऊस लागला.

दर रविवारी भाऊजी मुलीकडे गेले की ताई विचारायची, "झाला का जिना?"

"अजून ओल आहे."

"आता सुद्धा ओल बघताय? मारून टाका एकदाचा."

"तुझ्यासाठी करतोय, म्हणूनच बघतोय."

मुलगी मध्ये पडायची. "बाबा, तुम्ही दोघं भांडा, पण जेवून घ्या आधी."

शेवटी कोरडे दिवस आले, आणि भाऊजींनी तो जिना सील केला. मी त्यांचं आयुष्यभराचं काम बघितलंय. यापेक्षा चांगलं त्यांनी कधी केलं नाही. रंग सगळीकडे सारखा. वाळू चाळणीने चाळून टाकलेली, पायरीच्या कडेला थोडी जास्त. पायऱ्याही बुटक्या केल्या होत्या, ताईच्या पायाला झेपतील अशा.

रविवारी ताईला रिक्षातून आणलं. ती काठी घेऊन जिन्यासमोर उभी राहिली. भाऊजींनी तांब्याभर पाणी दुसऱ्या पायरीवर ओतलं. पाण्याचे मणी झाले आणि घरंगळून गेले.

"बघ, थेंब आत जात नाही. आणि पाय ठेवून बघ, घसरतो का."

ताईने कठडा धरला, पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसरा उचलायला गेली आणि थांबली. तिचे ओठ पांढरे पडले होते. दुकानदार सायकलचं चाक हातात धरून बघत राहिला.

"फार छान झालाय हो," ती म्हणाली. "पण माझा पाय ऐकत नाही."

"मी मागे आहे. तुझा भाऊ पुढे आहे. पडशील कशी?"

"तुमच्या कामावर माझा विश्वास आहे. पायाला कसं समजावू?"

तिने पाय खाली घेतला. भाऊजींनी पुन्हा आग्रह केला नाही. तांब्या पायरीवर ठेवला आणि रिक्षावाल्याला थांब म्हणाले. नंतर दोन-तीनदा तिला आणून बघितलं. एकदा ती तिसऱ्या पायरीपर्यंत गेली आणि तिथे खाली बसून रडली. मग आणणं थांबलं. भाऊजी वर एकटे राहायचे आणि जेवायला मुलीकडे जायचे. रात्री परत येऊन तो जिना चढायचे.

एकदा मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही तरी काय करणार होता? काम सोडून घरी बसला असता?"

"एक दिवस," ते म्हणाले. "त्या दिवशी गाडीवाल्याला नाही म्हणायचं होतं. तेवढंच."

त्यांच्या हिशेबात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

वर्षभराने त्यांनी वरच्या खोल्या विकल्या. घेणारं जोडपं तरुण होतं. नवरा जिना बघून खूश झाला, दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेला. आलेले पैसे पुरेसे नव्हते. ठेकेदाराकडे वर्षानुवर्षं गुडघ्यावर बसून जे साठवलं होतं, ते सगळं त्यात घातलं. त्यातून मुलीच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. जुन्या आहेत, उजेड कमी येतो. पण दाराबाहेर सपाट फरशी आहे आणि ती थेट रस्त्याला मिळते. ताई काठी टेकत एकटी बाहेर पडते, कोपऱ्यापर्यंत जाते आणि परत येते.