डाव्या वळणांचा चॅम्पियन

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. जर्मनीतल्या नेकारसुल्म गावाजवळच्या एका छोट्या ब्रेक कंपनीत मी मोजमापाचं काम करत होते, आणि आमच्याकडे गाड्या चालवून बघायला एक अमेरिकन चॅम्पियन आला होता. बापाच्या गॅरेजात जुनी गाडी जुळवून, मातीच्या ट्रॅकवर धूळ खात वर चढलेला माणूस. तिकडच्या लंबगोल ट्रॅकवर सगळी वळणं डावीकडेच, त्यामुळे आमचे जर्मन सहकारी टिंगल करायचे, "याला उजवीकडे वळायला शिकवा." मला राग यायचा. यातल्या एकाने तरी आयुष्यात कसली शर्यत जिंकली होती?

तो गाडी चालवायचा, मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचे. त्याच्या शर्यती संपल्या होत्या, आता उदरनिर्वाहाला हेच काम होतं. पण आकडे विचित्र येत होते. उजव्या वळणांना ब्रेक अचूक, डाव्या वळणांना मात्र कायम उशिरा. जन्मभर डावीकडे वळलेला माणूस डावीकडे चुकेल? शक्यच नाही! मी सेन्सर बदलला. मग वायर बदलली. मग दुसरा सेन्सर. मोठ्या माणसाकडे बोट दाखवायचं नाही हे आमच्या घरचं वळण, आणि मी ते जर्मनीपर्यंत इमानाने नेलं होतं. दर वेळी प्रोटोकोलमध्ये, म्हणजे चाचणीच्या अहवालात, "सेन्सर सदोष" असं लिहून सही ठोकली. आमचा साहेब वाचून "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणायचा आणि पान उलटायचा.

दिवाळीत मी बेसनाचे लाडू केले होते. कँटीनमध्ये तो एकटाच कॉफी ढवळत बसला होता. मी त्याच्या डाव्या बाजूने गेले आणि काही न बोलता डबा पुढे धरला. त्याने बघितलंसुद्धा नाही. डबा त्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर, आणि हा आपला चमचा फिरवतोय. माझा पारा चढला. एवढा कसला माज? तणतणत वळसा घालून पलीकडच्या खुर्चीत बसले, तर तो लगेच हसला, "हे माझ्यासाठी?" म्हणाला आणि लाडू उचलला.

डावीकडून डबा दिसला नाही, उजवीकडून लगेच दिसला. जर्मनीत ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे गाडीत मी रोज त्याच्या उजव्या हाताला. तिथून मी त्याला नेहमी दिसत आले होते. मी परत डावीकडे गेले आणि त्याच्या डाव्या डोळ्याच्या कडेला हात हलवला. पापणीही लवली नाही.

"तुम्हाला या डोळ्याने दिसत नाही," मी म्हटलं.

त्याने लाडू खाली ठेवला. "शेवटच्या अपघातापासून. आधी अंधुक, आता काहीच नाही."

मला ओरडावंसं वाटलं. या माणसाशेजारी बसून मी किती फेऱ्या मारल्या होत्या! घरी माझी तीन वर्षांची मुलगी होती. भिंतीला खेटून गेलेली वळणं एकेक करून आठवत होती, आणि दर वेळी मी मान खाली घालून वायर तपासत होते. त्याच्यावर चिडावं की स्वतःवर, काही कळेना. हे लिहिलं तर त्याचं उरलंसुरलं काम जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण त्याने एका शब्दाने गयावया केली नाही.

दुपारी मी नवीन प्रोटोकोल लिहिला, आधीच्या तिन्ही चुकांसकट. तिथल्या पद्धतीप्रमाणे त्यावर चालवणाऱ्याचीही सही लागते. कागद घेऊन मी त्याच्याकडे गेले. त्याने मान थोडी वळवून तो सावकाश वाचला, सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं.

"रोज सकाळी गाडीत बसताना मला भीती वाटायची, तुझ्यासाठी," तो म्हणाला. "स्वतःहून बोलायची हिंमत नव्हती. वाटायचं, आज ही विचारेल. विचारलं असतंस, तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."